शिरवलेला एमआरआय

माझ्या बायकोचा पहिला एमआरआय मी स्वतःच्या हातांनी वर्धा नदीत सोडला. पाच काळ्या फिल्मा, दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट आणि एक सीडी. मे महिना होता, नदी बारीक झाली होती, म्हणून पुलाच्या खालच्या अंगाला जिथे डोह आहे तिथे कंबरभर पाण्यात उतरलो. पिशवीत एक दगड टाकलेला होता. पिशवी लगेच बुडाली. त्या दिवशी पंपघराजवळच्या पट्टीवर पाण्याची पातळी किती होती तेही मी सांगू शकतो, कारण सकाळी मीच ती लिहिली होती.

मी नाचणगावला राहतो आणि पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करतो. सव्वीस वर्षं झाली. नदीची पातळी, मीटरचा आकडा, पाण्याचा दाब, पंप कधी सुरू झाला, कधी बंद झाला, एवढं दर पाळीला लिहायचं. वहीत सगळे रकाने आकड्यांचे आहेत. शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना आहे, तो मी सहसा कोरा ठेवतो. आकडा बरोबर असेल तर शेऱ्याची गरज पडत नाही, असं मी नव्या लोकांनाही सांगत आलो.

बायकोला संडासातून रक्त जायला लागलं तेव्हा सात महिने आम्ही मूळव्याध समजून काढले. त्यातले चार महिने तिने मला सांगितलंच नव्हतं. मग वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. दवाखान्यातल्या मशीनवर गर्दी होती, पंधरा दिवसांनंतरचा नंबर मिळत होता, म्हणून एमआरआय आम्ही बाहेरच्या एका सेंटरवर केला. रिपोर्ट हातात आल्यावर त्याच बाकावर बसून मी त्यातले आकडे माझ्या खिशातल्या वहीत उतरवले. गाठीची लांबी ५.८ सेंटिमीटर. गुदद्वारापासून अंतर ३.६ सेंटिमीटर. बाजूच्या ग्रंथी चार, सगळ्यात मोठी ९ मिलिमीटर. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं. आकड्यांच्या मधे बरीच वाक्यं होती, ती मी नजरेखालून घातली.

सर्जन तरुण होता, पण शांत बोलायचा. त्याने कागदावर चित्र काढून सांगितलं की गाठ फार खाली आहे. आधी किरणांचे पंचवीस शेक आणि सोबत गोळ्या. मग आठ आठवडे थांबायचं, पुन्हा एमआरआय करायचा आणि गाठ किती आटली, कुठून सुटली ते पाहून ऑपरेशन ठरवायचं. संडास धरून ठेवणारा जो स्नायू असतो तो वाचला, तर आतडं पुन्हा जोडता येतं आणि पोटावरची पिशवी तीन-चार महिन्यांची असते. स्नायू काढावा लागला, तर पिशवी कायमची.

बायकोने विचारलं, “पिशवी म्हंजे? त्यात काय राह्यते?”

डॉक्टरने सांगितलं.  बसमध्ये देवळी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, “मंग महालक्ष्म्याइचा सैपाक मले कोन करू देईन?”

हे सांगायला हवं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की आमच्या गल्लीतल्या तीन घरी नैवेद्याचा स्वयंपाक हिच्याच हातचा असतो. ओल्या साडीत, सोवळ्यात, पहाटेपासून. पुरण तिचंच चांगलं होतं असं नाही, पण तिच्या हातचं शुद्ध असतं असं बायकांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. एकोणीस वर्षं ती ते करत होती. दुखण्यातून मरण येईल याची भीती तिने माझ्याजवळ एकदाही बोलून दाखवली नाही. पिशवीची भीती रोज बोलायची. पोटावर संडासाची पिशवी घेऊन सोवळं कसं नेसणार? 

पंचवीस शेक पाच आठवड्यांत झाले. आमच्याकडे किरणांना सगळे शेकच म्हणतात. शेकाच्या विभागाबाहेर बसलेल्या बायका एकमेकींना विचारायच्या, “तुमचा कितवा?” आणि ही बोटं न मोजता सांगायची, कारण घरून निघताना मी तिला आकडा सांगून ठेवायचो. शेवटच्या आठवड्यात कातडी सोलवटली, लघवीला आग व्हायची. पण रक्त थांबलं. पंचविसावा शेक झाला त्या दिवशी तिने तिथल्या बायकांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ते काळे फोटो घरातून काढा.”

“कोणते?”

“त्या मशीनचे. अलमारीत ठेवले ना तुमी, माया लुगड्याइच्या वर. अलमारी उघडली का तेच दिसते. आजार गेला, मंग त्याचं रूप कायले घरात ठेवाचं? शिरवून टाका.”

नदीत सोडण्याला आमच्याकडे शिरवणं म्हणतात. गणपती शिरवतात, घट शिरवतात. आणि जुन्या बायका घरात कोणाला देवी किंवा गोवर येऊन गेला की त्याच्या उशाशी ठेवलेलं सगळं नदीत शिरवायच्या. कडुलिंबाचा पाला, पाण्याचा लोटा, कधी कधी अंगावरचं पांघरूणसुद्धा. देवी पाहुणी आली होती, तिचं सामान तिच्यासोबत जाऊ द्यायचं, नाहीतर ती सामानासाठी परत येते. बायकोच्या आईने हिच्या लहानपणी असं केलं होतं.

मी म्हणालो, “डॉक्टरांनी कागद सांभाळून ठेवायला सांगितले आहेत.”

“आकडे तर तुमी उतरवले ना वहीत?”

“उतरवले.”

“सगळे?”

“सगळे.”

“मंग? का तुमच्या आकड्याइवर तुमचाच भरोसा नाई?”

खरं तर मलाही तिचं म्हणणं वेगळ्या रीतीने पटलं. दोन महिन्यांनी नवा फोटो निघणार होता. पंपावर आम्ही हेच करतो. या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा वजा केला की किती पाणी गेलं ते कळतं. वजाबाकीला मागचा आकडा लागतो, मागचं मीटर लागत नाही. शिवाय पाच आठवड्यांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी गाडी काढली. ती मागे पिशवी मांडीवर घेऊन बसली. काठावर तिने हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडून पुटपुटली, “जाय बाई, आता येजो नको.” परत येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती.

आठ आठवडे झाले. मधे पावसाळा लागला. ती भाजी-पोळी खायला लागली होती आणि वजन अडीच किलो वाढलं होतं. या वेळी एमआरआय दवाखान्यातच झाला. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली, मी जोडवी आणि मंगळसूत्र तिच्या हातात दिलं. तेवढ्यात आतून फोटो पाहणाऱ्या डॉक्टरबाई आल्या.

“काका, आधीचा एमआरआय आणलाय ना?”

“नाही. आकडे आहेत.” मी वही उघडून पुढे केली.

त्यांनी वही वाचली. अक्षर नीट होतं, तारीख होती, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलंही. मग म्हणाल्या, “छान लिहिलंय. पण मला फिल्म लागेल. नाहीतर सीडी. घरी आहे का?”

मी सांगितलं की नाही. हरवली का, विचारलं, तर पुन्हा नाही म्हणालो. शेवटी बायकोच म्हणाली, “शिरवली. नदीत.”

डॉक्टरबाईंना शब्द कळला असावा, कारण त्यांनी परत विचारलं नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हळू बोलल्या. “बघा, गाठ खूप कमी झाली आहे. दोन सेंटिमीटरच्या आत आली आहे. पण शेकानंतर गाठीच्या जागी वण पडतो. फोटोत तो काळा पट्टा दिसतो. काकूंच्या फोटोत असा पट्टा खाली स्नायूपर्यंत आलाय. आता प्रश्न असा की गाठ तेव्हाच स्नायूत शिरली होती आणि आता तिथे वण झाला, की गाठ वरच होती आणि हा नुसता शेकाचा परिणाम आहे? जुना फोटो शेजारी ठेवला असता तर बरंच कळलं असतं. रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक ओळ असतेच. तुम्ही ती उतरवली आहे का?”

ती ओळ माझ्या वहीत नव्हती. त्या ओळीत आकडा नव्हता.

ओळ मला आठवत होती. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसरी. ‘स्फिंक्टर’, म्हणजे तोच स्नायू, हा शब्द मी दोनदा वाचला होता, कारण उच्चारता येईना. ओळ ‘इन्व्हॉल्व्हड’वर संपत होती, हेही आठवत होतं. त्याच्या आधी ‘नॉट’ होतं की नव्हतं, ते आठवत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी ती ओळ शोधत फिरलो. बाहेरच्या सेंटरवर गेलो तर तिथे नवं मशीन आलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “जुन्या मशीनचा डाटा निघून गेला, भाऊ. दोन महिनेच ठेवत होतो.” रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर सेंटर सोडून गेला होता. दवाखान्यातल्या केसपेपरवर, फिल्म दाखवली त्या दिवशीच्या नोंदीत ‘एमआरआय पाहिला’ एवढंच होतं, कारण आम्ही फिल्म घेऊन समोरच बसलो होतो; इतक्या पेशंटांमधून सर्जनलाही तो आता आठवत नव्हता. शेकाच्या विभागात सीटी होता, पण सीटीत तो स्नायू वेगळा ओळखू येत नाही, असं त्यांनी सांगितलं. पाचव्या दिवशी पाळी संपल्यावर डोहावर गेलो. मे महिन्यानंतर नदीला दोन पूर येऊन गेले होते. जिथे मी उभा राहिलो होतो तिथे आता पाणी पुरुषभराच्या वर होतं. बांबू घालून पाहिला, तळाला वाळू लागली. हे करताना मला ते कसं दिसतं याची लाज वाटत होती, म्हणून पुलावरून कोणी गेलं की बांबूने गाळ पाहत असल्यासारखं करायचो. पंपवाला माणूस गाळ पाहतो, यात कोणाला काही वाटत नाही.

सर्जनने आम्हाला समोर बसवलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, आणखी दोन महिने थांबायचं आणि पुन्हा फोटो काढायचा. पण त्या काळ्या पट्ट्यात जिवंत गाठ उरली असेल तर ती तेवढ्या वेळात वाढेल, पसरेलही. दुसरी, आता ऑपरेशन करायचं. “गाठ आधीपासून वर होती, स्नायू मोकळा होता, असं मला कळलं असतं तर मी स्नायू ठेवून जोडायचा प्रयत्न केला असता. ते माहीत नसेल तर मी धोका घेणार नाही. मी सगळं काढेन.”

“मंग पिशवी?” बायकोने विचारलं.

“कायमची, काकू.”

त्याने बाहेर बसून विचार करायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो.

“त्या ओळीत ‘नाई’ होता का?” तिने विचारलं.

“मले आठवत नाई.”

“आठवा ना.”

“पाच दिवसांपासून तेच करून राह्यलो.”

“तुमाले सगळं आठवते. बारा वर्साआधीचा पूर किती मीटर होता ते आठवते. हे काऊन नाई आठवत?”

 ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, “डॉक्टरले जाऊन सांगा, होता म्हणून. ‘नाई’ होता. तुमची वही पाहून त्याइचा विश्वास बसला आहे तुमच्यावर.”

हे मी आधीच मनात करून पाहिलं होतं. पंपावरची पट्टी गाळात बुडाली की काही जण अंदाजाने पातळी लिहितात. मी तो रकाना मोकळा सोडतो. पण इथे मोकळा सोडल्याने काय होणार होतं, ते मला माहीत होतं. भरल्याने काय होऊ शकतं, तेही माहीत होतं. ‘नॉट’ नसेल आणि मी होता म्हणून सांगितलं, तर सर्जन स्नायू ठेवेल आणि त्यात गाठ राहील.

“मी नाई सांगू शकत,” मी म्हणालो.

“हाव. मोठे आले खरं बोलनारे. नदीवर जाताना तर गाडी कशी जोरात हाकली होती.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि उठली. मी सोबत उठलो तर म्हणाली, “बसा तुमी.” एकटी आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केलेली होती. त्या कागदावर माझीही सही लागत होती. ती मी नंतर केली.

ऑपरेशन चार तास चाळीस मिनिटं चाललं. पिशवी पोटाच्या डाव्या बाजूला आहे. पहिले आठ दिवस नर्सने बदलली, नवव्या दिवसापासून मी बदलायला शिकलो. पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापताना माप चुकलं तर बाजूची कातडी सोलते, म्हणून मी पट्टीने मोजून कापतो. ती तेव्हा छताकडे पाहत असते. एकदा म्हणाली, “हे काम बरं जमते तुमाले.” त्यात कौतुक नव्हतं.

काढलेल्या भागाची तपासणी बाराव्या दिवशी आली. सर्जन खूश होता. गाठीची जागा जवळजवळ सगळी वण झाली होती, आतड्याच्या भिंतीत चार मिलिमीटरचा जिवंत तुकडा तेवढा उरला होता. चौदा ग्रंथी तपासल्या, एकीतही काही नव्हतं. कापलेल्या कडा स्वच्छ. “पूर्ण निघालं, काका,” तो म्हणाला. मी रिपोर्ट हातात घेतला आणि या वेळी पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो. त्यात एक वाक्य होतं. स्नायूत गाठ नाही आणि गाठ होऊन गेल्याच्या खुणाही नाहीत.

“म्हणजे आधीही नव्हती?” मी विचारलं.

त्याने रिपोर्ट घेऊन ती ओळ पाहिली. “बहुतेक नव्हती.” मग म्हणाला, “पण काका, फोटो असता तर मी जोडलंच असतं, असं मी लिहून देणार नाही. इतक्या खाली जोडलेलं नेहमी टिकतं असं नाही.”

‘बहुतेक’ आणि ‘नेहमी नाही’. तो प्रामाणिकपणे बोलत होता, हे मला कळत होतं. घरी येईपर्यंत मी त्या दोन शब्दांतून एखादा आकडा काढायचा प्रयत्न करत होतो. तो निघाला नाही.

घरी तिने मला रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितलं. मी आधी चांगल्या ओळी वाचल्या. ती म्हणाली, “अजून आहे ना? पान तर भरलेलं दिसते.” मग ती ओळही मराठी करून वाचली. तिला समजायला वेळ लागला नाही.

“म्हंजे ‘नाई’ होता.”

“बहुतेक.”

“बहुतेक कायचं? होता म्हना.”

“होता,” मी म्हणालो.

ती पिशवीवरून लुगडं सारखं करत राहिली. मग म्हणाली, “हे कोनाले वाचून दाखवू नका. शिरवलं ते पन सांगू नका. लोकं म्हनतीन, बाईनं आपल्या हातानं आपलं बुडवलं.”

“मी बुडवलं. पाण्यात मी उतरलो होतो.”

“तुमाले कोन म्हननार आहे? बाईलेच म्हनतेत.”

महालक्ष्म्यांना पाच दिवस राहिले होते तेव्हा गल्लीतल्या काकू आल्या. त्यांच्याच घरी हिचा पहिला स्वयंपाक झाला होता. त्या आत आल्या नाहीत, ओसरीवर बसल्या. बायको आतल्या खोलीत पडून होती, दार उघडं होतं. काकूंनी तब्येत विचारली, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “या वर्सी आमी सूनबाईलेच सांगतलं सैपाकाचं. हिले तरास नको म्हनून. दर्शनाले मात्र येजो म्हना.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“पन भाऊ, मी आयकलं का शेकानंच गाठ गेली होती. मंग ते सगळं काढाचं काय काम होतं? डॉक्टरनं घाई तर नाई केली?”

आत बाजेची कुरकुर ऐकू आली. ती उठून बसली असावी.

“नाही, काकू,” मी म्हणालो. “फोटोत स्पष्ट दिसत होतं. गाठ स्नायूत होती. काढावंच लागत होतं.”

“हो का? मंग बरं झालं काढलं ते.”

“हो.”

काकू अजून थोडा वेळ बसल्या, पावसाचं बोलल्या आणि गेल्या.  मी दारात जाऊन पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवी झाली होती.

“काय म्हने ते?” तिने न वळता विचारलं. सगळं ऐकलेलं असूनही.

मी काकूंचं बोलणं सांगितलं, आणि मग मी काय उत्तर दिलं तेही, जसंच्या तसं.

“हाव,” ती म्हणाली. “असंच सांगत जा.”